शहर कोणी दाखवायचे?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे संयोजकांनी मला सांगितले. विमानतळाच्या भूसंपादनात घरे गेलेल्यांचे प्रश्न समोर आहेत, गोदामांतील कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळत नाही, आणि अशा वेळी मुंबईतल्या जुन्या इमारती पाहत हिंडण्यावर भाषण कसले? आक्षेप रास्त आहे. काही वर्षांपूर्वी मीही तो घेतला असता. म्हणून त्याला बगल न देता त्याचे उत्तर देतच मी पुढे जाणार आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईत ‘वारसा फेरी’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे. वारसा वास्तूंच्या रक्षणाची नियमावली मुंबईत १९९५ साली लागू झाली, २००४ मध्ये बोरीबंदरचे स्थानक आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्याबरोबर या फेऱ्यांनाही भर आला. रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसांचा घोळका जमतो, प्रत्येकाने पैसे आगाऊ भरलेले असतात आणि एखादा तरुण वाटाड्या किंवा वाटाडी त्यांना दोन-अडीच तास हिंडवून वास्तू, गल्ल्या, पुतळे यांची माहिती सांगते. मी अशा तीन-चार फेऱ्यांना गेलो आहे. प्रारंभीच कबूल करतो की मी तेथे नाक मुरडण्यासाठी गेलो होतो आणि बरेच शिकून परतलो.

बोरीबंदरच्या स्थानकासमोर मी माझ्या आयुष्यात किती वेळा उभा राहिलो असेन, याची गणती नाही. मोर्चाला जाताना, मोर्चाहून येताना, शेवटची गाडी पकडताना. पण मान वर करून ती इमारत मी पाहिलीच नव्हती. कमानींच्या खांबांवर कोरलेली पाने, पक्षी, माकडे यांचे मूळ नमुने सर जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. आराखडा स्टीव्हन्सचा, पण बांधकामावर त्याचे साहाय्यक अभियंते होते सीताराम खंडेराव. १८७८ पासून दहा वर्षे हे काम चालले. दगडाला इतका जीव आणणारे हात आपल्याच लोकांचे होते, आणि सौंदर्य हा केवळ धनिकांचा विषय आहे असे समजून आपण ते त्यांच्या पदरात टाकून मोकळे झालो. ही आपली चूक आहे. श्रमिकाच्या कामाचे मोल मागणाऱ्याने त्या कामाकडे निदान डोळे भरून पाहिले पाहिजे.

मात्र आमच्या वाटाडीच्या कथनात स्टीव्हन्स होता, गव्हर्नर होता, राणी होती, पाथरवट नव्हता. राजाबाई टॉवरपाशीही तेच झाले. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या स्मरणार्थ हा मनोरा बांधण्यासाठी देणगी दिली, हे तिने फार गोड सांगितले. परंतु तो पैसा आला कोठून? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, म्हणून पश्चिम भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत रुपयांचा पूर लोटला. त्याच सुमारास, १८६२ नंतर, बार्टल फ्रियरच्या अमदानीत किल्ल्याचा तट पाडून आजचा फोर्ट विभाग आखला गेला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. त्याआधीच्या पिढीतील कित्येक दानशूरांचे वैभव चीनला पाठवलेल्या अफूवर उभे होते. दवाखाने, शाळा, ग्रंथालये त्या पैशातून झाली हेही खरे, आणि त्यांचा लाभ गरिबांनाही झाला. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात. त्यातली एकच सांगितली की तिचा इतिहास उरत नाही, जाहिरात होते.

तिथून आम्ही हुतात्मा चौकात आलो. चौकातल्या कारंज्यावर फ्लोरा देवतेची मूर्ती आहे. कारंजे १८६४ चे, रेखाटन नॉर्मन शॉचे, शिल्प फोर्सिथचे, हे सारे आम्हांला सांगण्यात आले. कारंज्यापासून काही पावलांवर मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे शिल्प उभे आहे. त्याकडे आमच्या घोळक्याची पाठ होती. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पंधरा माणसे पडली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. मी मागून हळूच विचारले, “ताई, याविषयी?” ती म्हणाली, “सर, ते आमच्या आजच्या विषयात येत नाही.” तिचा दोष नव्हता. तिला जो कागद पाठ करायला दिला होता, त्यात ते नव्हते. बरे, आपल्यापैकी कोणी तिला दुसरा कागद कधी नेऊन दिला होता का?

मित्रहो, खरी गोष्ट घडली ती यानंतरच्या फेरीत. ही फेरी गिरणगावातली होती. परळच्या एका उत्तुंग मनोऱ्याच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी जपून ठेवली आहे. भोवती हिरवळ, दिव्यांची रोषणाई, बाजूला उपाहारगृह. तेथे आम्हांला चिमणीची उंची आणि विटांचा प्रकार सांगितला जात असताना घोळक्यातले एक वृद्ध गृहस्थ पुढे झाले. नातवाने त्यांना हौसेने आणले होते. संगमेश्वरकडचे, आणि याच भागातल्या गिरणीत साचेवाले म्हणून उमेदीची सारी वर्षे काढलेले. ते वाटाड्याला म्हणाले, “बाळा, तू चांगलं सांगतोस. पण ही चिमणी आम्ही मोजली नाही कधी. संपात आम्ही रोज सकाळी नाक्यावर येऊन हिच्याकडे बघायचो, धूर निघतो का म्हणून. एक दिवस थोडा धूर दिसला, तर चाळीत भांडणं लागली, कोण आत गेला म्हणून. सख्ख्या भावांची.”

एवढे बोलून ते थांबले. मग वाटाड्यानेच त्यांना पुढे केले, हा त्या तरुणाचा मोठेपणा. पुढचा एक तास फेरी त्यांनी चालवली. भोंगा कोणत्या गिरणीचा कसा वाजे, बदली कामगार फाटकाशी कसे ताटकळत, जॉबरला काय द्यावे लागे, एका गाळ्यात एकाच गावची वीस माणसे पाळीपाळीने कशी झोपत, गावकीची ट्रंक कोणाच्या ताब्यात असे. इमारत एकच, पण दाखवणारा बदलला आणि ती निराळी दिसू लागली.

फेरी संपल्यावर मी त्यांना विचारले, आता कोठे राहता? ते म्हणाले, “पनवेलला. कोनला.”

कोन म्हणजे आपले कोन, येथून घटकाभराच्या अंतरावरचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि गिरण्या एकेक करून मिटल्या, हे आपण सारे जाणतो. नंतरचे कमी सांगितले जाते. गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी व्हायची होती. २००१ मध्ये नियमातले शब्द बदलले: वाटणी सबंध जमिनीची नव्हे, केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. शहराच्या मध्यावर मिळू शकणारी बागेची आणि घरांची जागा अशा रीतीने एका वाक्याच्या दुरुस्तीने आक्रसली. कामगारांच्या वाट्याला काय आले? पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. त्यांपैकी २,४१७ घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये निघाली, ती कोनच्या घरांची. १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून केलेले एक घर. सोडतीनंतर ताबा मिळायला वर्षे लोटली, मध्ये करोनाच्या साथीत त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, आणि पुष्कळ अर्जदार चावी हाती येण्यापूर्वीच वारले.

म्हणजे गिरणगावाच्या इमारती परळला राहिल्या आणि त्यांची स्मृती पनवेल तालुक्यात आली. मुंबईतल्या फेऱ्यांना जो वाटाड्या हवा आहे, तो तुमच्या शेजारी बसला आहे. त्याला कोणी विचारलेले नाही, आणि त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे गेले आहे. आजचा विषय मी का निवडला, याचे एवढे एकच कारण पुरेसे आहे.

येथे दोन इशारे देणे मला अगत्याचे वाटते. पहिला आपल्यासाठीच. आपण गिरणगाव दाखवायला निघालो तर आपल्यालाही कागद पाठ करण्याची सवय आहे. मोर्चे, सभा, पुढाऱ्यांची नावे, आणि शेवटी घोषणा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाविषयी आपण अभिमानाने बोलू. परंतु विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण सहकाऱ्यांना त्याचा विटाळ वाटे, हेही सांगू का? त्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट ऐरणीवर आणली होती. ते स्वतः परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. वीसहून अधिक वर्षे राहिले. लालबाग-परळच्या फेरीत ती चाळ टाळता येणार नाही. नाविकांच्या उठावाच्या दिवसांत, फेब्रुवारी १९४६ मध्ये, परळला गोळीबारात पडलेल्या कमल दोंदे टाळता येणार नाहीत, आणि ५ जून १९७० रोजी लालबागेत झालेली आमदार कृष्णा देसाई यांची हत्याही टाळता येणार नाही, ती सांगताना श्रोत्यांपैकी काहींना अवघड वाटले तरी. आणि बायका? गिरणीतली बाई प्रथम छाटली गेली. मग ती खाणावळवाली झाली, पहाटे चारला उठून वीस-पंचवीस डबे भरू लागली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. चिमणी जतन झाली. चुलीपाशी कोणी पाटी लावली नाही.

दुसरा इशारा हळहळीविषयी. चाळीविषयी हळवे होऊन बोलण्याची एक साथ आली आहे. ओसरी, गप्पा, गणपती, माणुसकी. हे सर्व होते. त्याबरोबर मजल्यावरच्या सामाईक संडासापुढची रांग होती, १६० चौरस फुटांत आठ माणसे होती आणि क्षय होता. बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या त्या काँक्रीटच्या कोंदट पेट्याच होत्या. वरळीच्या चाळींत तर सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने सत्याग्रहींना डांबले होते. आता तेथे पुनर्विकास चालू आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना ‘तुम्ही चाळ सोडायला नको होती, ती वारसा आहे’ असे सांगण्याचा अधिकार रविवारच्या पाहुण्यांना नाही, आपल्यालाही नाही. घर बदलू द्या. पण त्या घरात काय घडले ते सांगणारा माणूस बोलेपर्यंत तरी कान देऊ या.

आता पनवेलकडे येतो. तुम्ही म्हणाल, मुंबई ठीक, आमच्या गावात दाखवण्यासारखे काय आहे? भोर घाटातून रेल्वे धावू लागली १८६३ मध्ये. तोवर मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी गलबताने पनवेल बंदरात उतरत असे आणि पुढे घाटरस्त्याने जात असे. देशावरून उतरणाऱ्या बैलगाड्यांना येथली चाके प्रसिद्ध होती, इतकी की गॅझेटियरकारांनी त्यांची नोंद केली. मुंबईला जे धान्य, मीठ, माणूसबळ गेले त्याचा एक मोठा दरवाजा हे गाव होते. येथे नगरपालिका झाली १८५२ मध्ये, महानगरपालिका २०१६ मध्ये. बेने इस्रायल समाजाचे बेथ एल प्रार्थनागृह १८४९ चे आहे. तेल गाळणारा आणि शनिवार पाळणारा म्हणून ज्याला कोकणाने ‘शनिवार तेली’ म्हटले तो हा समाज. त्याच्या नावाचा तलाव अजून गावात आहे, माणसे बहुतेक निघून गेली. बंदर रोडवरून रोज जाणाऱ्या किती मुलांना बंदर कोठे होते हे ठाऊक आहे? टपाल नाक्यावर चहा पिताना ‘टपाल’ हा शब्द येथे काय करतो, असा प्रश्न आपल्याला तरी पडतो का?

आणि खाडीच्या अंगाला वसलेले नवे शहर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मुंबईला पर्यायी शहराची कल्पना मांडली. ती मुळात उदार कल्पना होती, जमीन सार्वजनिक मालकीची ठेवून तिच्या वाढत्या किमतीतून शहर उभे करण्याची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. बेलापूरला कोरियांनी वसवलेले कलाग्राम पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी दुरून येतात. अवश्य यावे, लहान माणसाला अंगण देणारी अशी घरे आपल्याकडे फार थोडी बांधली गेली. परंतु ती पाहून झाल्यावर त्या विद्यार्थ्यांना जासईला कोण नेतो? १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी मेले. संपादित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून मान्य करून घेतले गेले. आज घरखरेदीच्या जाहिरातीत ‘साडेबारा टक्के’ हा शब्द भूखंडाचा प्रकार म्हणून छापला जातो, आणि वाचणाऱ्याला त्यामागची माणसे माहीत नसतात.

विमानतळाचे तर आपल्या डोळ्यांदेखत झाले. दहा गावठाणे उठली, उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदी वळवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. त्या गावांची मंदिरे, विहिरी, मासे सुकवण्याचे ओटे, शाळा यांचा एकही नकाशा गावकऱ्यांच्या शब्दांत आपण करून ठेवला नाही. मोर्चे काढले, निवेदने दिली; आठवण टिपली नाही. भरपाईच्या तंट्यात ‘येथे अमुक होते’ हे सिद्ध करताना याची किंमत किती मोजावी लागली, ते या सभागृहात बसलेल्या काहींना माझ्याहून चांगले माहीत आहे. आरंभीच्या आक्षेपाला माझे हे उत्तर आहे. विस्थापितांचा प्रश्न आणि आजचा विषय मला वेगळे वाटत नाहीत.

तेव्हा काम साधे आहे. दोन फेऱ्या सुरू करायच्या. एक पनवेलची, बंदरापासून टपाल नाक्यापर्यंत आणि पुढे विस्थापित गावांच्या नव्या वस्तीपर्यंत. दुसरी गिरणगावाची. तिच्यासाठी गाडीही आपलीच आहे: पनवेलहून सुटणारी हार्बर लोकल शिवडीनंतर कॉटन ग्रीनला थांबते. एके काळी फोर्टातल्या मैदानावर कापसाचे ढीग पडत, त्या मैदानाचे नाव बाजाराबरोबर आधी कुलाब्याला आणि मग येथे आले. या स्थानकाला काळाचौकी म्हणावे, असा ठराव विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. नाव बदलावे की नाही यावर वाद घाला, पण कापूस येथे का उतरे ते आधी समजून घ्या. तेथून काळाचौकी, लालबाग, परळ पायी. माणसे पंधरापेक्षा अधिक नकोत. चाळीत शिरताना विचारून शिरायचे, कोणाच्या स्वयंपाकघराचे छायाचित्र घ्यायचे नाही. सांगणाऱ्याला मानधन द्यायचे. त्याने नको म्हटले तरी द्यायचे. तो जे सांगेल ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे, आपल्याला सोयीचे नसले तरी.

कोनच्या त्या काकांशी मी बोलून आलो आहे. ते तयार आहेत. रविवार नको म्हणाले, रविवारी चाळीत सगळे घरी असतात, आपण म्हणजे अडचण. शनिवारी सकाळी पावणेसातला लालबागच्या नाक्यावर उभे राहायचे, सातच्या पहिल्या पाळीला माणसे जशी लोटत, त्या वेळेला. गुडघे दुखतात म्हणून मध्ये दोनदा बसावे लागेल. त्यांच्या पत्नीही बरोबर येणार आहेत. काकूंनी बावीस वर्षे खाणावळ चालवली. मी घरातून निघताना त्या दारात येऊन म्हणाल्या, “हे गिरणीचं सांगतील. संप चालू असताना डब्यांची उधारी कोणी फेडली आणि कोणी नाही, ते मी सांगीन.”

नावे नोंदवायची वही दाराशी ठेवली आहे. पहाटे पाचनंतरची पहिली जी गाडी मिळेल तिने निघावे लागेल.